ठोकळे वाढेपर्यंत वर्ग बंद

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी न्गुना बेटावरच्या बालवाडीच्या दाराला नामेलेचं पान टांगलेलं आढळलं. नामेले टांगलं की ती जागा बंद. ओलांडलं तर डुकराचा दंड.

एवलिनबाई तेवीस मुलांसकट बाहेर उभ्या राहिल्या. नऊला शिक्षणखात्याचे कालमेटसाहेब पाहणीला येणार होते. त्यांची सही झाली तर बालवाडी पुढे चालणार, नाहीतर बंद. "दहा मिनिटांत सही घेते," असं बाई आदल्याच दिवशी गावभर सांगून आल्या होत्या. त्यांचा नवा खेळ होताच तसा: काय कमी पडतंय ते मुलांनी हेरायचं आणि त्यावर आपला धंदा काढायचा.

"हे कुणी लावलं?"

"मी," पाच वर्षांची लेइमारा म्हणाली. ती चीफची नात.

"का गं बाई?"

"ठोकळे कमी पडतात. आजोबांनी किनाऱ्याला पान लावलं तेव्हा शिंपले वाढले ना? आता ठोकळे वाढतील. मग मी ते विकणार."

बाईंनी मदतनीस टॉमसिनकडे पाहिलं. "पोरीचा खेळ आहे. काढ ते."

"तुम्हीच काढा. माझ्याकडे एकच डुक्कर आहे."

मळ्यात चीफना निरोप गेला. उत्तर आलं, "पान ते पान. लावणाऱ्यानंच काढावं."

नऊला साहेब बोटीतून उतरले. पान पाहताच विंचू दिसल्यासारखे मागे सरकले. तेही शेजारच्याच बेटाचे.

"किती दिवस बंद?" आंब्याखाली बसत त्यांनी लेइमाराला विचारलं.

"सहा महिने."

"काही कमी होईल?"

"तुम्ही काय देता?"

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"पेटीभर ठोकळे. दुपारच्या बोटीनं मागवतो."

"आधी येऊ देत. मग बघू."

साहेबांनी कार्यालयात फोन लावला आणि फॉर्म भरायला घेतला. गरज ओळखणे: उत्तम. सौदा करणे: उत्तम. धीर धरणे: अति उत्तम. बाईंच्या जिवात जीव आला. मग साहेबांचं पेन थांबलं. पुढची चौकट होती, 'वर्ग आतून पाहिला'. सही त्याच्याखाली.

"खोटं कसं लिहू, बाई?"

तीन वाजेपर्यंतची खबर अशी: बोट आलेली नव्हती, सही झालेली नव्हती आणि शौचालयाच्या दारालाही एक पान लागलं होतं. साहेबांनी लेइमाराला घाईघाईनं पुन्हा बोलावून घेतलं होतं. बोलणी चालू होती.