आप्पांच्या खिशातली मिरची

चीनमध्ये पूर आला की आमचे उखाआप्पा पहिला प्रश्न विचारायचे, "ते बरं, पन तठला लोके खातस काय?"

किती माणसं वाहून गेली, किती घरं पडली, हे नंतर. तुर्कस्तानात भूकंप होवो की बंगालात दुष्काळ पडो, प्रश्न हाच. तिथली माणसं बऱ्या दिवसांत काय खात होती? भात? कसला भात? त्याच्याशी तोंडी लावायला काय?

उखाआप्पा माझे चुलत सासरे. तापीकाठी प्रकाशाला आमची कपाशी-केळीची शेती होती. आप्पांनी लग्न केलं नव्हतं. पन्नाशीचा माणूस, पुढच्या खोलीत एकटा राहायचा आणि जेवायला तेवढा आत यायचा. मी रनाळ्याची, मराठी चौथी पास, घरातली वाचता येणारी एकटी बाई. ते ज्ञान मी दागिन्यासारखं मिरवायचे. नंदुरबारहून दोन-तीन दिवसांचं शिळं वर्तमानपत्र यायचं. मी स्वयंपाकघराच्या दाराआड बसून, डोक्यावरून पदर ओढून ते मोठ्याने वाचायचे आणि आप्पा ओसरीवर बसून ऐकायचे. अडलेला शब्द मी सरळ गाळायचे. त्यामुळे कित्येकदा दुपारी सुरू झालेली लढाई चहाच्या आत मिटायची. आपण जगाचा कारभार हाकतो आहोत असं मला मनापासून वाटायचं.

आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र कुठल्याच बातमीत नसायचं. मग ते मास्तरांना गाठायचे, पोस्टमनला थांबवायचे. चिनी माणूस सकाळी काय खातो हे पोस्टमनला कुठून ठाऊक असणार? तो सायकल दुसऱ्या गल्लीने काढायचा.

मी माहेरी गेले की आईला सांगायचे, "चुलत सासरा भलता खादाड शे. जग बुडी ऱ्हायनं अन् ह्याले जेवाचं पडेल शे." इतकी हुशार मी. खादाड म्हटलेल्या त्या माणसाच्या ताटात मात्र एक भाकर आणि वरण. वाढलं ते मुकाट्याने खायचे. मीठ कमी, जास्त, करपलेलं, कशाबद्दल चकार शब्द नाही. माझ्या पहिल्या वर्षाच्या भाकरी त्यांनी चावल्या यावरूनच मला कळायला हवं होतं.

आणखी एक खोड. सदऱ्याच्या खिशात एक अख्खी वाळली लाल मिरची असायची. जेवायला बसले की ती ताटाच्या कडेला ठेवायचे, उठताना परत खिशात. खायचे कधीच नाहीत. जुनी मिरची काळी पडली की नव्या हंगामातली घ्यायचे. दृष्ट लागू नये म्हणून असेल, असा निकाल मी देऊन टाकला होता.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली गोष्ट. पोलंड देशातली पोरं, कुणाला आई नाही तर कुणाला बाप नाही, इराणावरून हिंदुस्थानात आली होती. त्यातल्या काहींची गाडी पाणी घ्यायला नंदुरबार स्टेशनात थांबणार, असा ओळखीच्या स्टेशनमास्तरांचा निरोप आला. आप्पांनी प्रश्न विचारला. शाळेतले मास्तर गप्प, पोस्टमन पसार. तेव्हा आप्पा उठले, नंदुरबारच्या दवाखान्यातल्या गोऱ्या मडमेला विचारून आले आणि दारात उभे राहून म्हणाले, "बटाटा. उकडेल बटाटा, मीठ, अन् आंबट दही."

घरात सगळ्यांची तोंडं उतरली. पाहुण्यांना उकडलेला बटाटा? तिखट नाही, फोडणी नाही, हे तर तापातून उठलेल्या माणसाचं जेवण. सासूबाई म्हणाल्या, "गाव काय म्हनी?" आप्पा म्हणाले, "गावले नही खावाडनं." झालं. नंदुरबारच्या बाजारातून पोतंभर बटाटे आले.

गोरी पोरं बघायला मिळणार म्हणून मीही हट्टाने निघाले. त्या पोरांनी मला बघावं म्हणून नवी चोळी, नथ, गळ्यात होतं नव्हतं ते सगळं. खेरीज घराची अब्रू राखायला लुगड्याच्या घोळात ठेच्याचा डबा. नावेतून तापी ओलांडून पलीकडे बैलगाडीत बसलो तशी आप्पांची नजर डब्यावर गेली. मी डब्यावर बसले आणि नंदुरबारपर्यंत तशीच बसून राहिले.

आगगाडी आली. खिडक्यांत पोरं, केस बारीक कापलेली, डोळे मोठे. कुणी हसेना. माझ्या नथीकडे एकानेही पाहिलं नाही. त्यांच्याबरोबरच्या बाईने बटाट्यांची पाटी पाहून मान हलवली, नको. बरोबरच होतं तिचं. कुणाच्या हातचं, कसल्या पाण्याचं, तिला काय माहीत! आप्पांचं तोंड एवढंसं झालं. इंजिन पाणी पिऊन संपवणार तेवढाच वेळ हातात होता.

मग आप्पा फलाटावरच मांडी घालून बसले. एक बटाटा सोलला, मीठ लावलं, दह्यात बुडवला आणि स्वतः खाल्ला. दुसरा सोलून खिडकीकडे धरला.

एक सात-आठ वर्षांची पोरगी वाकून बघत होती. दही बघून ती काहीतरी म्हणाली. म्हणाली ते त्या बाईला, आम्हाला नव्हे. आणि हात लांब केला. तिच्यामागून दुसरा हात आला, मग सगळ्या खिडक्यांतून आले. आप्पा सोलायचे, मी मीठ लावायचे, बांगड्या दह्यात बुडाल्या तरी भान नव्हतं. शेवटी त्या बाईनेही एक बटाटा घेतला आणि तोंड पलीकडे वळवून खाल्ला.

शिट्टी झाली. त्या पोरीने आप्पांच्या खिशातून डोकावणाऱ्या लाल टोकाकडे बोट केलं. आप्पांनी मिरची काढून दिली. तिने हुंगली, सटकन शिंकली आणि हसली. गाडी हलली तेव्हा मिरची तिच्या झग्याच्या खिशात होती.

परतीच्या वाटेवर आप्पा आपणहून बोलले. चाळीसेक वर्षांपूर्वी, संवत छप्पनच्या दुष्काळात आई-बाप गेले तेव्हा ते असेच सात-आठ वर्षांचे होते. एका अन्नछत्रात परदेशातून बोटीने आलेल्या मक्याची पेज मिळायची. पिवळी, अळणी. ती त्यांच्या घशाखाली उतरेना. लोक म्हणायचे, भुकेनं मरतंय आणि नखरे बघा. तिथे वाढणारी एक गोरी बाई होती. ती शेजारी उकिडवी बसली आणि मोडक्यातोडक्या बोलीत तिने विचारलं, तू घरी काय खातोस? आप्पा म्हणाले, मिरची. दुसऱ्या दिवशी तिने कुठून तरी एक लाल मिरची आणून पानाच्या कडेला ठेवली.

"पोटले सगळा इचारतस, वहू," आप्पा म्हणाले. "जिभले तिनी एकलीनी इचारं."

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडायला लागला. त्या घरात मी दोन वर्षं रांधत होते.

"आप्पा," मी विचारलं, "तुम्हले काय आवडस?"

तापी आली, नाव लागली, उतरलो, घर आलं, तरी काही नाही. मला वाटलं, रागावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि चोरी पकडली गेल्यासारखे म्हणाले, "भरीत. कपाशीन्या काड्यास्वर भाजेल. मन्ही माय करे तसं."

मी केलं. त्यांच्या आईसारखं जमलं असेल असा माझा दावा नाही, वांग्याची साल निम्मी आतच राहिली होती. आप्पा खाली मान घालून जेवले. जेवण झालं, सवयीने हात ताटाच्या कडेला गेला, रिकाम्या जागी चाचपडला आणि तिथेच थांबला. मग त्यांनी ताट माझ्याकडे जरासं सरकवलं.

"वहू," ते म्हणाले, "आजून थोडं वाढ."