विसावं नाव

पाचवीचा पट एकोणीसवर अडकला होता आणि अनसूयाबाईंचा जीव विसाव्या नावात. वीस भरले नाहीत तर वर्ग बंद होणार, आणि पाचवीला जीव लावून शिकवणारी सीमा अतिरिक्त ठरून कुठल्या कुठे फेकली जाणार. संस्थेचे सचिव पंजाबराव पंख्याखाली बसून म्हणाले होते, "बाई, तुमी बाईमाणूस. तुमाले लोकाइच्या चुलीपर्यंत जाता येते. मी कुठी जाऊ?" मुख्याध्यापिका होऊन अकरा वर्षं झाली, पण बाई असण्याचा हा उपयोग त्यांना आजवर कोणी सांगितला नव्हता.

म्हणून भर दुपारी त्या जठारपेठेत गोदाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. गोदाबाईंची नात खुशी यंदा पाचवीत जाणार होती. आत पाहतात तो काय, सोफ्यावर चकचकीत माहितीपत्रक घेऊन चारुता बसलेली! ही नव्या इंटरनॅशनल स्कूलची प्रिन्सिपल. तिथे एसी वर्ग होते, वर प्रवेशासोबत सायकल फुकट.

"तुमीबी खुशीसाठीच आल्या काय?" गोदाबाईंनी विचारलं. "सून बाहेर गेली हाये, येतेच. तवरोक बसा."

दोघी बसल्या. एक चहा झाला, दुसरा झाला, सून काही येईना. आपण उठलो तर ही खुशीला पळवणार, या धास्तीने दोघीही जागच्या हलेनात. एकमेकींकडे पाहून नुसत्या गोड हसत राहिल्या.

"रिकाम्याच बसून राहिल्या, तं दोन पापड तरी लाटा," गोदाबाईंनी उडदाच्या पिठाच्या लाट्या पुढे सरकवल्या.

अनसूयाबाईंनी झटकन लाटणं उचललं. चारुतानेही बाह्या सरसावल्या. "आमच्याकडे अनुभवातून शिक्षणावरच भर असतो."

"पापड जाड होऊन राहिला तुमचा," अनसूयाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात शेजारच्या मनकर्णाबाईंना खबर लागली की गोदाबाईंकडे दोन मॅडम फुकटात पापड लाटताहेत. त्या दोन किलो पीठ घेऊन हजर. मागोमाग सुंदराबाई. "माही नातबी पाचवीतच जाते," त्यांनी पीठ ठेवता ठेवता सांगितलं. ती नात अजून अंगणवाडीत होती, हे बरंच उशिरा कळलं.

चौथ्या किलोला चारुताचा आवाज उतरला. "साठ ॲडमिशनचं टार्गेट आहे, बाई. संचालक म्हणतात, लेडीज प्रिन्सिपल ठेवलीय कशाला? घराघरात जा."

"तुमालेबी?" अनसूयाबाईंचं लाटणं थांबलं. त्यांना पहिल्यांदाच तिच्याविषयी माया वाटली. मग खुशी आठवली आणि लाटणं पुन्हा सुरू झालं.

पाच वाजता सून, चंदा, घरी आली. दोघी एकदमच उठल्या.

"खुशी?" चंदा गोंधळली. "तिचं नाव तं म्या परवाच अमरावतीले टाकलं. राजापेठेत मामाकडे राहीन ते."

अनसूयाबाईंनी गोदाबाईंकडे पाहिलं. "आजी, तुमाले मालूम होतं?"

"होतं ना. पण तुमी इतक्या मन लावून लाटून राहिल्या होत्या, मोडता कसा घालू?" असं म्हणून गोदाबाईंनी दोघींच्या हातात पापडांची एकेक पिशवी ठेवली.

बाहेर आल्यावर अनसूयाबाईंना रडूच यायला लागलं. सीमाला आता काय सांगायचं? पायात चपला सरकवता सरकवता चारुता हळूच म्हणाली, "बाई, माझा गौरांग यंदा पाचवीत जातोय. त्याला घ्याल?"

"अवं, तुमच्याकडे तं एसी हाये!"

"एसी टिकतो. शिक्षक टिकत नाहीत. दर दिवाळीला नवी टीचर. पोराला पाढेसुद्धा येत नाहीत."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत अनसूयाबाईंनी पर्समधून फॉर्म काढून कंपाउंडच्या भिंतीवर टेकवलाही होता.

"फक्त एक करा," चारुताने इकडेतिकडे पाहिलं. "आईचा व्यवसाय 'गृहिणी' लिहा. संचालकांना कळलं तर माझी नोकरी गेलीच."

अनसूयाबाईंनी मान वर करून चारुताकडे पाहिलं. कोपरापर्यंत पीठ, गालावर तेलाचा ओघळ, हातात पापडांची पिशवी. खोटं लिहायला त्यांचा हात एरवी कधी धजला नसता. आज त्यांनी बिनधास्त लिहून टाकलं.