अस्वलाचं स्पिंडल आणि महाराजांची मान

एका जंगलात, बाळांनो, एक सिंहासन होतं आणि ते डुगडुगायचं. सिंह महाराज बसले की धाडकन आदळायचे. मग जो हसेल त्याला खाऊन टाकायचे. प्रजा झपाट्याने गंभीर होत चालली होती.

सिंहासनाखाली एक लोखंडी पाट होता. पाट सपाट नव्हता, कारण तो घासणारं सरफेस ग्राइंडर म्हातारं झालं होतं. त्याचं चाक ज्या दांड्यावर फिरतं ते स्पिंडल आतून थरथरायचं, आणि पाटावर लाटा उठायच्या.

तरस प्रधानाने कारखान्याच्या दगडोबा अस्वलाला बोलावलं.

"खंडेनवमीपर्यंत दुरुस्त कर. महाराज पुन्हा आदळले, तर दसऱ्याचं जेवण तू."

दगडोबाने स्पिंडल उघडलं. दांडा ज्यांत फिरतो ती बेअरिंगं पार झिजली होती. त्याने नदीपलीकडून नवी आणवली. पण बेअरिंगाचा स्वभाव फार सोवळा. आत एक केस गेला, तरी सगळं मुसळ केरात!

एक केस! दगडोबाने स्वतःकडे पाहिलं. तो नखशिखान्त केसच होता.

बिचारा वानर न्हाव्यापुढे जाऊन बसला. "सगळे काढ," म्हणाला.

घरी त्याच्या बायकोने, गिरजेने, त्याला पाहून किंकाळीच फोडली.

"अगं बाई! हे डुक्कर कुठून शिरलं घरात?"

"अगं, मीच."

"तुम्ही? अहो, थंडीत मराल ना!"

"तशी वेळ आली तर आधी महाराज खातील. तू काळजी करू नकोस."

मग दगडोबाने खोली धुतली, दारं-खिडक्यांना ओली पोती लावली. बेअरिंगं तेलात गरम करून दांड्यावर अलगद बसवली, बेताचं ग्रीस भरलं, नट आवळला. जीव मुठीत धरून त्याने चाकाला बोटाने ढकललं. चाक फिरलं. आवाज नाही, थरथर नाही. फिरतच राहिलं! तुळतुळीत दगडोबा खोलीभर नाचला. इतका आनंद त्याला लग्नातही झाला नव्हता. गिरजेला मात्र त्याने हे सांगितलं नाही.

पण त्या जंगलात पूजेआधी मशीन चालवत नसत. खंडेनवमीला सगळा दरबार कारखान्यात लोटला. पुरोहित बगळ्याने मशीनला हळद वाहिली, कुंकू वाहिलं. मग एकदम थांबला.

"यात नवं काय आहे?"

"बेअरिंगं," दगडोबा म्हणाला. "आत आहेत."

"म्हणजे मी मघापासून जुन्या पत्र्याची पूजा करतोय? उघड ते!"

"गुरुजी, धूळ जाईल हो आत!"

"कुंकवाला धूळ म्हणतोस?"

दरबार शहारला. महाराजांनी भादरलेल्या अस्वलाकडे पाहून जीभ फिरवली. "सोलायचेही कष्ट नाहीत," ते पुटपुटले.

दगडोबाने उघडलं. बेअरिंगांवर हळद पडली, कुंकू पडलं, अक्षता पडल्या. वर नारळाचं पाणी आणि उदबत्तीची राख.

"आता धुऊन घेऊ का?" त्याने रडवेल्या आवाजात विचारलं.

"पूजलेलं धुतात होय? बटण दाब."

बटण दाबलं. कुर्रर्र! खडखड! कुर्रर्र!

"मशीन बोललं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाट घासून निघाला, तो लाटालाटांचा. तसाच उचलून सिंहासनाखाली ठेवला.

महाराज बसले. दगडोबाने डोळे मिटले.

धाडकन आवाज आलाच नाही. नव्या लाटांवर सिंहासन मागे-पुढे हळूहळू झुलत होतं. त्याबरोबर महाराजांची मानही वर-खाली होत होती.

तरस प्रधान हुशार. पटकन म्हणाला, "महाराज, नदीकाठचं कुरण माझ्या नावावर करू?"

मान हलली. हो!

"पूजेची दक्षिणा दुप्पट?" बगळा ओरडला.

हो!

मग एकच झुंबड उडाली. ज्याने जे मागितलं ते मंजूर! एवढा जयजयकार महाराजांनी जन्मात ऐकला नव्हता. तेही खूश झाले. दगडोबाला हार घातले, उचलून नाचवलं. मरण टळलं होतं. गिरजा हसत होती. तरी त्याला रडूच आलं. त्याच्या डोळ्यांपुढून ते निःशब्द फिरणारं चाक हलेना.

तो खाली उतरला आणि हात जोडून पुढे झाला.

"महाराज, हे काम बिघडलंय. स्पिंडल उघडून, धुऊन पुन्हा बसवू द्या. सिंहासन अगदी स्थिर होईल."

तरस प्रधान लगबगीने सिंहासनाच्या बाजूला गेला आणि त्याने ते आडवं हलवलं.

महाराजांची मान डावीकडून उजवीकडे गेली. उजवीकडून डावीकडे आली.

"नाही म्हणाले," प्रधानाने जाहीर केलं.

तात्पर्य : बाळांनो, काम नेहमी चोखच करावं. आधीच बिघडलेल्या कामात चार मोठ्या माणसांना बिघडवायला काही उरत नाही.