राणीचं अंथरूण

आटपाडीत आमची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीला लागून सुभेदारांचं घर. हिवाळ्यात एका सकाळी मी भिंतीवरून डोकावले, तर हा पांढऱ्या मिशांचा माणूस उघड्या अंगानं, पोटावर, अंगणातल्या लाकडाच्या भुशात सरपटत होता. म्हटलं, झालं! पेन्शनीत डोकं फिरलं.

"आवं सुभेदार, काय हरवलं का?"

"इन्स्पेक्शन चालू हाय, वहिनी," ते पडल्या पडल्याच म्हणाले. "राणीला पोटावर झोपायचं असतंय. भुसा टोचतोय. रिजेक्ट!"

राणी म्हणजे अजगर. परदेशी जातीचा, दोन हात लांब, रीतसर सरकारी कागद असलेला. सुभेदारांची एकुलती एक लेक वैशाली, तिनं पुण्यात तो पाळलेला. कंपनीनं तिला वर्षभरासाठी जर्मनीला धाडलं, तेव्हा काचेची पेटी ती बापाच्या हवाली करून गेली. सुभेदारांची बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. सुभेदारांचा जन्म फौजेत, सीमेवर गेला, लेक आईच्या हाताखाली वाढली. बापलेकीचं बोलणं म्हणजे दिवाळीला एक फोन आणि "बरं हाय" एवढंच.

आता मात्र रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. सुभेदार फोन पेटीसमोर धरायचे आणि राणीचा रिपोर्ट द्यायचे. राणीच्या खाण्याचे गोठवलेले उंदीर पुण्याहून यायचे आणि सुभेदारांच्या फ्रीजमध्ये राहायचे. तेव्हापासून मी त्यांच्याकडचा बर्फ बंद केला.

घोळ एवढाच, की राणी काही खाईना. वैशाली म्हणाली, "जागा आवडली नाही की ती खात नाही, आबा. असंच चाललं तर पुण्याच्या मैत्रिणीकडं पाठवू या." सुभेदारांचं तोंड एवढंसं झालं.

"हितनं बदली हुणार न्हाई," ते मला म्हणाले. "अंथरुणाचाच प्रश्न हाय."

भुशानंतर रसवंतीतनं उसाचं चिपाड आलं. ते मऊ लागलं म्हणून पास झालं, आणि दुपारपर्यंत मुंग्यांनी अंगण काळं केलं. मग सुभेदार म्हसवडला गेले आणि देवळाबाहेरच्या नारळवाल्यांकडून पोतंभर नारळाच्या शेंड्या घेऊन आले. त्या कुटून, धुऊन, उन्हात वाळवून काथ्याचा मऊ चुरा केला. कुटायला अर्थातच मी! शेवटी सुभेदार त्यावर पोट घासून उठले आणि "पास!" म्हणून ओरडले.

राहिली ऊब. वैशालीनं गरम होणारा पॅड दिला होता, पेटीच्या एकाच टोकाखाली ठेवायचा. सुभेदारांना ते पटेना. "निम्मी बराक गरम, निम्मी गार? असं कवा असतंय का?" त्यात घर मेंढपाळांचं. कोकरू असो, बाळंतीण असो, पाहुणा असो, सगळ्यांवर औषध एकच, घोंगडी. त्यांनी अख्खी पेटी घोंगडीत गुंडाळली. राणी पाण्याच्या वाडग्यात जाऊन बसली ती हलेना.

मी भडकले. "आवं, उकडून मरंल की ती! एवढं हाय तर तुमी बसा घोंगडीत!"

आणि काय सांगू, बसले की! उन्हात खाट टाकून डोक्यापासून पायापर्यंत गुरफटून पडले. जरा वेळानं घोंगडीतनं एक पाय हळूच बाहेर आला. पाठोपाठ आरोळी.

"कळलं! उकडलं की पाय भायेर काढाया जागा पायजे!"

"सापाला कुठनं आला पाय?"

"म्हनूनच! तिनं जायाचं कुठं?"

घोंगडी काढून पेटीच्या पॅडवाल्या टोकावर तेवढी टाकली. दुसरं टोक मोकळं. राणी दोन्हीकडं फिरून आली, उबेला वेटोळं घातलं, आणि पुढच्या खेपेला उंदीर गट्ट! सुभेदारांनी "फत्ते!" अशी आरोळी ठोकली आणि माझ्या गिरणीतल्या सगळ्या रांगेला पेढे वाटले. साप जेवल्याचे पेढे कुणी खाल्ले असतील तर आमच्या आटपाडीकरांनी.

संध्याकाळी फोन आला तेव्हा मी तिथंच होते. वैशाली आनंदानं किंचाळली. "आबा, जिंकलात! आता माझी काळजीच मिटली."

सुभेदार एकदम गडबडले. "न्हाई, तसं न्हाई. काथ्या जरा ओला वाटतोय. उद्या बघाय लागंल तुला. परवा बी."

धादांत खोटं! काथ्या कडकडीत वाळलेला, माझ्याच हातचा.

पलीकडं वैशाली फोनच्या जवळ सरकली. मग म्हणाली, "आबा, फोन तुमच्याकडं फिरवा की. रोज राणीच दिसते मला."

माणूस उघडा, रोजच्या इन्स्पेक्शनमुळं पोटाला काथ्या चिकटलेला. शर्ट सापडेना. मी घोंगडी उचलून त्यांच्या खांद्यावर टाकली. त्यांनी मिशा सारख्या केल्या आणि फोन फिरवला.

"जेवलात का, आबा?"

"व्हय, बरं हा..." ते थांबले. "न्हाई, पोरी. एकट्याला जेवान जात न्हाई गं."

"मग ताट घ्या. फोन पेटीला टेकवा. माझंही जेवायचं राहिलंय."

त्या दिवशी सुभेदारांनी दोन भाकरी खाल्ल्या. मी गिरणीत आले आणि उरलेले पेढेही वाटून टाकले.