मास्तरांचा फिटिंगचा पलंग

"जन्मभर माणसांच्या अंगावर कापड बसवलं, आता पत्र्याच्या डब्यात चार फळ्या बसवायला मला सुतार लागतो होय?" टेलरमास्तर भर दुपारी, अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. मास्तरांचा आवाजच तसा. शिलाई मशीनच्या खडखडाटावरून बोलायची सवय. मशीन थांबलं, आवाज थांबायचा राहून गेला.

"लागतो दाजी," समोर उभा असलेला मेव्हणा म्हणाला. "ताईची कंबर आहे ती, तुमच्या गिऱ्हाईकाची पँट नव्हे. एकदा उसवली की परत शिवता येत नाही."

हा मेव्हणा म्हणजे मास्तरांच्या संसारातली कायमची कुरकुरणारी चप्पल. टेलरच्या बायकोचा सख्खा भाऊ असून दुकानातून तयार शर्ट आणून घालायचा. वर मास्तरांच्या समोरच त्याची घडी मोडायचा. अशा माणसाकडून कारागिरी शिकून घ्यायची म्हणजे काय?

आता वाद कशावरून होता ते सांगतो. मास्तरांच्या सौभाग्यवतींना, म्हणजे सगळ्यांच्या काकूंना, समुद्राकाठी राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे जायचं होतं. आजचं नव्हे, लग्न झाल्यापासून जायचं होतं. पण दर वर्षी शाळेच्या गणवेशांचा हंगाम आडवा येई. तो सरला की लग्नसराई. लोकांच्या सहलीचे कपडे शिवता शिवता मास्तरांची स्वतःची सहल राहूनच गेली. आता दुकान पुतण्याकडे दिलं, गणवेश पोचवायची जुनी व्हॅन रिकामी झाली, तेव्हा मास्तरांनी मनाशी पक्कं केलं, हिला समुद्र मी दाखवणार. मीच. व्हॅनमध्ये पलंग करू, खाली सामानाचा ड्रॉवर करू, मन रमेल तिथं पाठ टेकू आणि देवाचं नाव घेऊन पुढं जाऊ.

अडचण त्या पाठीचीच होती. काकूंच्या कमरेनं दोन वर्षांपासून झोपेशी वैर धरलं होतं. मेव्हण्याचं म्हणणं असं, की ताई माझ्या मोटारीतून येईल, वाटेत हॉटेलच्या गादीवर झोपेल.

"तुम्हीपण या दाजी. मागं बॅगांच्या शेजारी होईल जागा."

बॅगांच्या शेजारी! मास्तरांच्या काळजात टाचणी गेली ती तिथंच राहिली.

शेवटी काकूंनीच निवाडा दिला. "भांडू नका. तुम्ही पलंग करा, मी एक दुपार त्यावर झोपून बघते. आपली आपण उठले आणि कंबर काही बोलली नाही, तर तुमच्या गाडीतून जाऊ. नाहीतर याच्या."

"मधे कुणी उठवलं तर ती झोप धरायची नाही," मेव्हण्यानं पुस्ती जोडली.

मास्तर कामाला लागले. त्यांनी व्हॅनचं माप गिऱ्हाईकाचं घ्यावं तसं घेतलं. गळ्यातली टेप काढून आधी उंची, मग रुंदी, मग चाकाच्या फुगवट्यापाशी आले तेव्हा सवयीनं "श्वास सोडा" म्हणाले. प्लायवूडवर खुणा शिंप्याच्या खडूनं केल्या. लाकडाच्या वखारीतल्या सुतारानं सांगून पाहिलं, की ड्रॉवर आणि वरची फळी यांच्यामध्ये बोटभर फट सोडा, आणि फळीला खालून मधोमध एक आडवी पट्टी मारा.

मास्तर इतके भडकले की वखारीतली कबुतरं उडाली.

"फट? माझ्या कामात झोळ? आणि पट्टी मधोमध? अहो, पाठीवर मधोमध शिवण घालतो का कुणी? अंगाला टोचेल ती!"

सुतारानं खांदे उडवले आणि तो आपल्या रंध्याकडे वळला.

पलंग मात्र झाला देखणा. वर एकसलग फळी, तिच्यावर मास्तरांनी स्वतः शिवलेली कड लावलेली गादी, आणि खाली मागच्या दारातून ओढायचा लांबलचक ड्रॉवर. फिटिंग असं की फळी आणि ड्रॉवर यांच्यामध्ये कागद सरकणार नाही. तरी ड्रॉवर लोण्यातून सुरी जावी तसा आतबाहेर व्हायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून मास्तर तो उघडून दाखवायचे. दूधवाल्यानं तर दोन दिवस रस्ताच बदलला.

परीक्षेच्या दुपारी सावली नेमकी इमारतीच्या फाटकापाशी होती, म्हणून मास्तरांनी व्हॅन तिथंच आडवी लावली. मेव्हणा खुर्ची टाकून पंचासारखा बसला. मास्तरांनी ड्रॉवर उघडला आणि जादूगाराच्या थाटात एकेक वस्तू आत ठेवली. स्वतःची चप्पल, चष्मा, मोबाईल, शेवटी गाडीची किल्ली.

"बघ. प्रवासात सगळं कसं हाताशी," असं म्हणून त्यांनी ड्रॉवर लोटला.

काकू वर चढल्या, आडव्या झाल्या. फळी एकदा कुर्र करून गप्प बसली. थोड्या वेळानं आतून घोरणं ऐकू आलं. आधी बारीक, मग लयीत, मग चांगलं खर्जातलं. दोन वर्षांनी ऐकत होते मास्तर ते घोरणं. त्यांचे डोळे भरून आले. देवळाच्या पायरीवर उभं राहावं तसे ते मागच्या उघड्या दाराशी हात जोडून उभे राहिले.

आणि तेवढ्यात तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर धावत आले.

"मास्तर, गाडी काढा. माझी गाडी आत अडकलीय."

"शूऽऽ," मास्तर म्हणाले.

"अहो शू काय? क्लिनिकमध्ये पेशंटला भुलीचं इंजेक्शन देऊन बसवलंय. माझा चष्मा माझ्याच पायाखाली आला, म्हणून दुसरा न्यायला घरी आलो, तो शोधण्यातच इतका वेळ गेला. आता भूल उतरायच्या आत पोचलं पाहिजे. दात मोठा आहे."

"हळू बोला. ही झोपलीय."

डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं, आणि माणूस सभ्य म्हणून तेही कुजबुजायला लागले. "मग गाडी हळूच काढा."

मास्तरांनी ऐटीत ड्रॉवरचं हँडल धरून ओढलं. ड्रॉवर हलला नाही. पाय लावून ओढलं. ड्रॉवर आणि व्हॅन दोघांनीही दाद दिली नाही. वाकून पाहिलं तेव्हा उजेड पडला. काकूंच्या भारानं फळी मधोमध बोटभर वाकली होती, आणि ती बोटभर जागा मास्तरांनी सोडलेलीच नव्हती. फळी ड्रॉवरच्या उरावर बसली होती, आणि फळीच्या उरावर काकू.

"ताईला उठवू का?" मेव्हण्यानं गोड आवाजात विचारलं.

"हात लावून बघ," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांना गर्जून म्हणायचं होतं. पण गर्जायची सोयच राहिली नव्हती. सबंध संताप कुजबुजीच्या बारीक नळीतून सोडावा लागला, त्यामुळं कान लाल झाले.

"बाजूला व्हा," डॉक्टर म्हणाले. "अडकलेलं काढणं हा माझा रोजचा धंदा आहे." त्यांनी बाह्या सरसावल्या, हँडल दोन्ही हातांनी धरलं, डावीकडे हलवलं, उजवीकडे हलवलं, आणि एक खास झटका दिला. हँडल अर्ध्या तुटलेल्या स्क्रूसकट हातात आलं.

डॉक्टरांनी ते उजेडात धरून पाहिलं. "मूळ आतच राहिलं," ते सवयीनं बोलून गेले.

"काय केलंत हे? पितळी होतं ते. निवडून आणलं होतं मी."

"भूल न देता काढलं की असं होतं कधीकधी."

तेवढ्यात काकूंनी कूस बदलली. फळी त्या बाजूला झुकली आणि ड्रॉवर आपणहून चार बोटं बाहेर आला. मास्तरांनी विजेच्या वेगानं उजवा हात आत घातला. चप्पल लागली, चष्मा लागला, किल्लीचं टोकसुद्धा बोटाला लागलं. आणि काकू पुन्हा पहिल्या कुशीवर आल्या. हात कसाबसा निघाला, पण शर्टाची बाही बटणासकट आत राहिली. ती चिमट्यात धरल्यासारखी.

आता मास्तर व्हॅनच्या मागं, एका बाहीनं स्वतःच्याच कारागिरीला बांधलेले, अर्धे वाकून उभे.

"आता कुठल्या कुशीवर आहेत?" डॉक्टर घड्याळ बघत विचारू लागले.

"डाव्या."

"आणि पुन्हा उजवीकडे साधारण कधी वळतात?"

"ते काय आगगाडीचं वेळापत्रक आहे?" मास्तर फुत्कारले.

"ओढा बाही," डॉक्टर म्हणाले. "फाटली तर फाटली."

मास्तरांनी ओढली. डॉक्टरांनी ओढली. बाही फाटेना. मास्तरांची दुहेरी शिवण होती ती. एरवी या गोष्टीचा त्यांना केवढा आनंद झाला असता.

"मग शर्टच काढा की दाजी," मेव्हणा खुर्चीतून म्हणाला.

मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर जळून गेला असता. शर्ट काढता येत होता हो. पण आतली बनियन काखेत फाटलेली होती. टेलरच्या अंगात फाटकी बनियन, आणि ती या तयार कपडेवाल्याला दाखवायची? त्यापेक्षा मास्तर जन्मभर व्हॅनला टाचलेले राहिले असते.

"या गाडीवर माझा मुळीच राग नाही," ते दातओठ खात कुजबुजले. "राग आहे तो माणसांवर. एक बाई दोन वर्षांनी निवांत झोपलीय, आणि एकाला दात काढायचाय, एकाला शर्ट काढायचाय. धर्म म्हणून काही उरलाय का जगात?"

आता यात धर्माचा संबंध काय ते डॉक्टरांना कळेना, पण कुजबुजत म्हटलेल्या गोष्टीला एक वजन येतं खरं. ते वरमले. तोवर फाटकावरचा वॉचमन आला. दोन्ही जिन्यांवरची माणसं आली, आणि चवड्यांवर उभं राहून काय झालं, काय झालं असं एकमेकांच्या कानात विचारू लागली.

"हॉर्न वाजवू का?" वॉचमननं विचारलं.

सगळी इमारत एकदम त्याच्यावर शू म्हणाली. ते शू मात्र बरंच मोठं झालं. काकूंचं घोरणं थांबलं. सगळे श्वास धरून उभे. मास्तरांनी मोकळा हात छातीवर ठेवला. मग आत एक लांब सुस्कारा आला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा खालच्या पट्टीत.

"ढकलू या," डॉक्टर म्हणाले. "गिअर काढा आणि बाहेर ढकला. पण स्टिअरिंग किल्लीशिवाय फिरेल का?"

"फिरतं," मास्तर नाइलाजानं म्हणाले. त्याचं कुलूप कधीच मोडलं होतं. ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती.

स्टिअरिंगवर बसणार कोण, हा प्रश्नच नव्हता, मास्तरच. पण मास्तर मागं बाहीनं अडकलेले. डॉक्टर आंधळे नसले तरी दुसरा चष्मा डोळ्यावर चढवूनही चाचपडत होते, नंबर जुना होता. वॉचमनला सायकल येत होती. उरला कोण? मेव्हणा उठला, शर्ट झटकला, "माझा नवा शर्ट आहे, मी ढकलणार नाही," असं म्हणाला आणि अलगद ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसला.

मास्तरांच्या जागी! मास्तरांच्या डोळ्यांदेखत!

ते वाकूनच पाऊल टाकायला तयार झाले. सगळ्यांनी खांदे लावले. व्हॅन हलली, फाटकाबाहेर आली, गल्लीच्या उताराला लागली आणि हळूहळू आपली आपण चालू लागली. इंजिन बंद, त्यामुळं चाकांखालच्या वाळूचा चुरचुर आवाज तेवढा. दोन्ही बाजूंनी माणसं गाडी धरून पावलं टाकत होती. मागं अनवाणी मास्तर, एक हात ड्रॉवरला, रागानं लालबुंद, आणि ओठांनी अखंड पुटपुटत. "डावीकडे घे. अरे डावीकडे. खड्डा आहे, हळू. माणसा, दगड बघ." पलीकडच्या फूटपाथवरून जाणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी हे सगळं पाहून टोपी काढली आणि डोकं खाली घातलं.

उतार संपला तिथं झाडाखाली मेव्हण्यानं ब्रेक दाबला, तोही असा की गादीची सुरकुती हलली नाही. डॉक्टर आपली गाडी काढून, काचेला नाक लावून, सुसाट गेले. माणसं कपाळ पुसत चवड्यांवरच परत फिरली. आणि मग काकू जाग्या झाल्या.

त्या बसल्या. दोन्ही हात वर करून आळस दिला. हळूच खाली उतरल्या. त्यांचा भार निघताच ड्रॉवर लोण्यासारखा सरकला आणि मास्तरांच्या नडगीवर येऊन थांबला. मास्तरांनी बाही सोडवली. त्यांचं सगळं लक्ष काकूंच्या हाताकडे होतं. तो हात कमरेवर गेला, थोडा चाचपला आणि खाली आला.

"अहो, कंबर आहे की नाही तेच कळत नाहीय," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "अशी झोप मला माहेरीसुद्धा लागली नव्हती. आणि आपण हललो कधी? झोपेत वाटत होतं, कुणीतरी पाळण्यात घालून नेतंय. एक धक्का नाही, एक कचका नाही. तुम्ही चालवत होता?"

"मी होतो ताई," मेव्हणा खिडकीतून म्हणाला.

"तरीच. हे चालवतात तेव्हा पोटातलं पाणी हलतं." काकूंनी समाधानानं पदर सारखा केला. "तर मग ठरलं. जायचं ते याच गाडीतून, याच पलंगावरून. आणि चालवायला तू."

मास्तरांनी तोंड उघडलं. सांगायचं होतं की अगं, यानं काडीचं चालवलं नाही, इंजिन बंद होतं, अख्ख्या इमारतीनं ढकललंय. पण ढकललं का, तर किल्ली आत. किल्ली आत का, तर तू वर असताना ड्रॉवर उघडत नाही. म्हणजे मेव्हण्याचं श्रेय काढून घ्यायचं तर आपलं फिटिंग चव्हाट्यावर मांडायचं. मेव्हणा खिडकीत हनुवटी टेकून शांतपणे वाट बघत होता. त्याला हे सगळं केव्हाच कळलेलं होतं.

मास्तरांनी तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"आणि मी?"

"तुम्ही पुढं बसा ना त्याच्या शेजारी. वाट सांगत राहा," काकू म्हणाल्या, आणि मग इतक्या मायेनं हसल्या की मास्तरांना समुद्र इथूनच दिसला. "मात्र मघाशी बोलत होता तसं बोला. झोपेत अधूनमधून कानावर पडत होतं माझ्या. डावीकडे घे, खड्डा आहे, हळू. इतक्या वर्षांत तुम्ही इतकं हळू कधी बोलला नव्हता. फार बरं वाटलं हो."

मास्तरांचा संताप अगदी कंठापर्यंत आलेला होता. त्यांनी एकवार मेव्हण्याकडे पाहिलं, एकवार ड्रॉवरकडे पाहिलं.

"बरं," ते कुजबुजले.