हसऱ्या बाईंचे फुगलेले गाल

पाणीपुरवठा कार्यालयातली तक्रार खिडकी वीस वर्षं एका बाईंच्या हसण्यावर चालली होती. कोरड्या नळाचा धनी कितीही तावातावाने आला तरी खिडकीपलीकडचं हसू बघून निम्मा थंड होई. सगळे त्यांना हसऱ्या बाई म्हणत. विभागप्रमुखाची जागा मात्र दोनदा त्यांच्या नाकावर टिच्चून दुसऱ्याला गेली होती. आता सोमवारी तिसरी मुलाखत होती. या वेळी जागा सोडायची नाही, असा बाईंनी चंगच बांधला होता. त्यात आरशाने घात केला. गालच आत गेले होते.

शनिवारी संध्याकाळी, कुणाला न सांगता, बाई त्वचेच्या डॉक्टरीणबाईंपुढे जाऊन बसल्या.

"रस्त्यातल्या खड्ड्यात भराव घालतात ना, तसंच हे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "टोचलेलं औषध गालात पाणी धरून ठेवतं, मग हळूहळू कातडीही आपला भर आपणच घालते. पण आधी सूज येईल. पंधरा दिवस आधी यायला हवं होतं."

"मुलाखत परवा आहे. टोचा."

"अठ्ठेचाळीस तास हसायचं नाही. बोलायचंही कामापुरतंच."

बाई घरी पोचेपर्यंत दोन्ही गाल टम्म झाले होते. दार उघडणाऱ्या नवऱ्याने एकदा पाहिलं आणि तो दोन पावलं मागे सरला. वीस वर्षांत बायको कधी गाल फुगवून बसली नव्हती.

"कळलं वाटतं तुला," तो चाचरत म्हणाला. "ताईला महिनाभर राहायला मीच बोलावलं. तुला विचारायला हवं होतं."

बाई गप्प.

"पंधरा दिवस म्हणून सांगतो."

बाई गप्पच.

"बरं बाई, चार! चारच दिवस!"

आतून सासूबाई आल्या. सुनेचा चेहरा बघून त्यांचाही धीर सुटला. "अरे, ती तुझ्यावर नाही, माझ्यावर चिडलीय. तिची नवी इस्त्री आपोआप बिघडली नाही. माझ्या हातून पडली."

बाईंनी मान हलवली आणि खोलीत गेल्या. हसून जे वीस वर्षांत जमलं नव्हतं ते सुजेने दहा मिनिटांत केलं होतं. रविवारी भांडी नवऱ्याने घासली, तीही न सांगता. बाईंना आता सूज उतरायची घाई उरली नव्हती.

सोमवारी सकाळी समोर तिघे बसले होते. मधोमध मोठे साहेब, चेहरा दगडासारखा. त्यांच्या शेजारच्याने विचारलं, "ही जागा तुम्हालाच का द्यावी?"

एरवी बाई गोड हसून म्हणाल्या असत्या, "तुम्हाला योग्य वाटेल तसं." आज ओठ ताणायची सोय नव्हती.

"काम मला येतं. वीस वर्षं मीच करतेय. द्या."

शेजारच्याचं पेन हातातून गळलं. तिघे एकमेकांच्या कानाशी लागले आणि दोन मिनिटांत जागा बाईंची झाली. आनंदाने नाचावंसं वाटत होतं, पण बाईंनी नुसती मान डोलावली.

"तुम्ही थांबा जरा," मोठे साहेब म्हणाले. बाकीचे दोघे गेल्यावर त्यांनी स्वतः उठून दार लावलं आणि आवाज खाली आणला. "गालांत कधी टोचून घेतलंत?"

हातातोंडाशी आलेला घास गेला म्हणायचा! पण आता माघार घेतील तर त्या बाई कसल्या? "शनिवारी. मग? जागा गालांना दिलीत की कामाला?"

"कामालाच हो! दोनदा तुम्ही मागितलीच नाहीत, म्हणून गेली." साहेब जवळ सरकले. "माझे पहिल्या वेळी याच्या दुप्पट फुगले होते. लोकांना वाटलं, साहेब भडकलेत. त्या आठवड्यात एक फाइल अडली नाही."

बाईंनी साहेबांच्या तुकतुकीत गालांकडे नीट पाहिलं आणि डॉक्टरीणबाईंचा हुकूम पार विसरून त्या खो खो हसत सुटल्या.

साहेबांनी घाबरून दोन्ही हातांनी स्वतःचे गाल गच्च धरायला घेतले, मग दाबायचे नाहीत हे आठवून हात तसेच हवेत धरले.

"बाई, पाया पडतो, हसवू नका! माझे कालचेच आहेत!"