भिवा नावाड्याच्या वल्ह्याची बखर

श्री. पडद्यावरी जे जिंकले त्यांचे गोडवे गाणारे बहुत आहेत. जे मध्येच पडले आणि अखेरीस ज्यांचे नाव कोणी घेतले नाही, त्यांस आधी नमस्कार करून हा मजकूर लिहिला असे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, आश्विन मास. आपण पुशिले की, व्हिडिओ गेम म्हणोन जो खेळ, त्यात खेळणारा जे निवडितो आणि त्या निवडीपायी जी माणसे मरतात, त्याचे फळ शेवटी काही मिळते, की सारीच बोलाची कढी आणि बोलाचाच भात? तरी आम्ही त्या राज्यात खेळाचे तपासणीस होतो, एकच शेवट सोळा वेळा पाहिला, आणि जे पाहिले ते पदरचे तिखटमीठ न लावता लिहितो.

या राज्यास नाव आहे, ते आम्ही लिहीत नाही. मुलूख म्हणाल तर एका इमारतीचे तीन मजले आणि वर गच्ची. प्रजा मात्र नऊ लक्ष, घरोघर कंट्रोलर हाती धरून बसलेली. गादीवर अप्पासाहेब दिघोळकर होते, बोलण्यात पटाईत, मनाने वाईट नव्हेत. कथेचा कारभार सुलक्षणाबाई केळशीकर यांजकडे होता. बाई अंगाने किरकोळ, आवाज हळू, पण एकदा नाही म्हणाल्या तर हत्ती लावून ओढिले तरी हो म्हणावयाच्या नाहीत. या राज्याने एक खेळ तीन खंडांत काढावयाचे योजिले. नदीकाठच्या किल्ल्यास वेढा पडला आहे, आत तीनशे माणूस आहे, आणि खेळणारा हाच किल्लेदार. पहिल्या खंडात शत्रू घाटावर आणि दारूकोठारावर एकाच वेळी चालून येतो, आणि किल्लेदाराने एकच वाचवावे: भिवा नावाड्यास घाट धरून ठेवण्यास पाठवाल तर कोठार वाचते आणि भिवा मरतो, न पाठवाल तर भिवा जगतो, कोठार जळते आणि किल्ल्यातील निम्मे माणूस जाते. कित्येक खेळे त्याआधी घाटाकडे फिरकतच नाहीत, त्यांची भिवाशी गाठच पडत नाही, आणि कोठार जळतेच. आणि भिवा मेला म्हणजे त्याचे वल्हे खेळणाराच्या पिशवीत येते. पिशवीत जागा बारा. वल्ह्याने लढता येईना, विकता येईना, जागा मात्र अडे. बाईंनी ते हट्टाने घातले होते, आणि आम्हीच पहिली तक्रार लिहिली की वस्तू निरुपयोगी आहे, टाकता यावी. प्रजेनेही तीच ओरड केली, मग दुसऱ्या खंडात टाकण्याची मुभा जाहली. आम्ही त्याच दिवशी वल्हे टाकिले आणि त्या जागी भाला ठेविला.

पहिला खंड बाहेर पडला तो शके १९३९, हेमलंबीनाम संवत्सरी. त्या दिवशी मोठा दरबार भरला, दोन हजार खेळे जमले, आणि कोणी पुशिले की, या मरणांचे पुढे काय? तेव्हा अप्पासाहेबांनी ताट आणविले, सर्वांदेखत बेलभंडार उचलिला आणि शपथ वाहिली की, "प्रत्येक निवडीचा आणि प्रत्येक मरणाचा जाब तिसऱ्या खंडाच्या अखेरीस होईल." टाळ्यांनी छप्पर उडाले. बाई शेजारी उभ्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "अप्पासाहेब, शब्द फार मोठा दिलात." अप्पासाहेब हसून म्हणाले, "लहान शब्दाला टाळ्या पडत नाहीत, बाई." मग बाईंनी ताटातले बेलपान उचलून आपल्या वहीत ठेविले.

सात वर्षे गेली, तिसरा खंड तयार जाहला, आणि आम्हांस शेवट तपासावयास दिला. आम्ही सोळा प्रकारे खेळलो. एकदा सर्वांस वाचविले, एकदा सर्वांस मारविले, एकदा भिवास पाठविले, एकदा राखिले. आणि सोळाही वेळा तोच शेवट: किल्लेदार पूल ओलांडून शत्रूच्या छावणीत जातो, तह होतो, नगारा वाजतो. भेद इतकाच की कधी ऊन, कधी ढग, कधी धुके. आम्ही जाऊन बाईंस सांगितले की, खेळ्यांच्या तोंडास पाने पुसली जात आहेत. बाईंचे लिहिलेले बरेचसे वेळेच्या नावाखाली कापले गेले होते, तरी त्या म्हणाल्या, "पुलाआधी येसाई आहे ना, भिवाची आई? ती बोलते. तेवढं पुरे होईल." आम्ही मान हलविली, कारण येसाई आमच्याशी जे बोलली ते आम्ही नीट ऐकिलेच नव्हते. सोळा वेळा तेच ते पाहून आमचे कान किटले होते, हा अपराध आमचा.

मग रिवाजाप्रमाणे जुने विश्वासू खेळे बोलाविले, त्यात भोरकडील इंदूताई खुटवड आल्या. पिठाची गिरणी चालवितात, वय पन्नाशीचे, दुपारी गिरणी थंड असता खेळत. सात वर्षांची आपली सेव्ह, म्हणजे जेथवर खेळल्या तेथवरची यंत्रातील नोंद, पदरी बांधून आणावी तैशी घेऊन आल्या. भिवास त्यांनीच घाटावर पाठविले होते, आणि पिशवीत अद्याप वल्हे होते, त्यापायी चांगली तलवार सोडिली होती. बसल्या, खेळल्या, येसाईपाशी आल्या. येसाई पडद्यावरून म्हणाली, "माझा भिवा या नदीवर नावाडी होता, सरकार. तुमची त्याची भेट झाली नाही, झाली असती तर बरं झालं असतं." इंदूताईंनी कंट्रोलर खाली ठेविला. आम्हांस वाटले, यंत्र बिघडले. बाई पुढे झाल्या. इंदूताई म्हणाल्या, "अहो, मीच धाडला की त्याला! मीच! तीनशे माणसं होती आत, म्हणून धाडला. ह्या बाईनं मला शिव्या घातल्या असत्या, माझ्या तोंडावर थुंकली असती, तरी मी ऐकून घेतलं असतं. आणि ही म्हणती, भेट झाली नाही? सात वर्षं मी त्याचं वल्हं वागवतीय!" मग उठल्या, हात पदराला पुसले, आणि म्हणाल्या, "मला तिला तोंड दाखवायचंय. तोवर मी काय पुढं खेळत नाही." आम्हांस फार लाज वाटली.

बाई तडक दफ्तरात गेल्या. दफ्तरदार वामोरीकर, ज्यांनी खेळाचा सारा कोड लिहिला, ते भला माणूस, काम चोख, पण एके ठिकाणी चुकले होते. पहिल्या खंडात त्यांनी प्रत्येक सोबत्यापुढे एकच रकाना ठेविला होता: सोबत आहे, किंवा नाही. भिवा मेला तरी 'नाही', आणि भिवाची गाठच पडली नाही तरी 'नाही'. तेव्हा दुसऱ्या रकान्याची जागा वाचविली म्हणून त्यांस शाबासकी जाहली होती. वामोरीकर कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, मेलेला आणि न भेटलेला मी एकाच घरात बसवले. आता सात वर्षांच्या सेव्हमधून कोण कुठला, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही." बाईंनी पुशिले, "पिशवीत वल्हं आहे की नाही, ते कळतं?" वामोरीकरांनी वर पाहिले. "ते कळतं." "मग ब्रह्मदेवाला कशाला त्रास? वल्हं ज्याच्याकडे, त्याच्यापुढे भिवा मेला. आणि ज्यांनी टाकलं, त्यांना आपण विचारू." "कोणाला विचारू?" "खेळणाराला. दफ्तर विसरलं असेल, माणूस विसरला नसेल."

खेळ बाहेर पडण्यास एकवीस दिवस उरले होते. पूल काढून तेथे नाव घालावी, ही मसलत बाईंनी हुजुरांपुढे मांडिली. अप्पासाहेबांची मर्जी गेली. म्हणाले, "एका नावाड्यापायी पूल काढून टाकू? तारीख जाहीर झाली आहे. आणि बाई, शेवटी लोकांना नगारा हवा असतो." बाई म्हणाल्या, "नगारा राहू द्या. नदी मला द्या." अप्पासाहेब म्हणाले, "जमणार नाही." मग बाईंनी वही उघडिली आणि सात वर्षांचे वाळलेले बेलपान त्यांच्या मेजावर ठेविले, आणि म्हणाल्या, "मग हे घ्या. जसा सर्वांदेखत शब्द दिलात, तसा सर्वांदेखत परत घ्या. दोन हजार माणसं पुन्हा बोलवा, आणि सांगा, मेलेल्यांचं आम्ही काही ठेवलेलं नाही. मी तुमच्या शेजारी उभी राहीन, आणि खाली उतरले की घरी जाईन, ती परत येणार नाही." अप्पासाहेबांनी पानाकडे बहुत वेळ पाहिले. शेवटी म्हणाले, "तारीख हलणार नाही. जादा माणूस मिळणार नाही." बाई म्हणाल्या, "तारीखही नको, माणूसही नको." शेंडी तुटो की पारंबी, असा तो निश्चय होता, आणि खरे सांगावे तर त्या दिवसापासून आम्ही बाईंचे जाहलो.

मग बाई, वामोरीकर आणि आम्ही, अशा तिघांनी काम आरंभिले. पूल काढिला आणि नाव घातली. आणि ज्याच्या पिशवीत वल्हे आहे, त्यास येसाई ओळखते, आणि म्हणते, "हे आमचं वल्हं. मी बसते. वल्हव." आणि खेळणाराने स्वतः बटण दाबून चाळीस हात मारावे, आणि तोवर तिने एक शब्द बोलू नये. अप्पासाहेब म्हणाले, "चाळीस? कंटाळतील." बाई म्हणाल्या, "नदी तेवढी रुंद आहे." आणि ज्याच्याकडे वल्हे नाही, त्यास येसाई पुसते, "माझा भिवा भेटला होता का?" आणि उत्तरे दोन. नाही म्हणाल तर ती आपल्या दुसऱ्या वल्ह्याने मुकाट्याने पार नेऊन सोडिते. होय म्हणाल तर आणखी पुसते, जिवंत आहे की मेला, जिवंत म्हणाल तर हसून पार नेते, आणि मेला म्हणाल तर म्हणते, "आणि त्याचं वल्हं टाकलंस? मग हातानं वल्हव." त्यास ऐंशी हात. खोटे बोलण्यास मनाई केली नाही. आम्ही विचारिले, लबाड निसटतील त्याचे काय? बाई म्हणाल्या, "निसटू देत. आईच्या तोंडावर खोटं बोलले, हे त्यांचं त्यांना ठाऊक असेल." विसाव्या दिवशी काम पुरे जाहले.

एकविसावे दिवशी इंदूताईंस पुन्हा बोलाविले. अप्पासाहेबही येऊन मागे उभे राहिले. इंदूताई घाटावर आल्या, येसाईने वल्हे ओळखिले आणि नावेत बसली. इंदूताई हात मोजू लागल्या, मग मोजणे सोडिले आणि मारीत राहिल्या. पार पोचल्यावर येसाईने वल्हे मागितले, घेतले, आणि मागे न पाहता गेली. क्षमा केली नाही, शिवीही दिली नाही. पुढे तह, नगारा, सारे पूर्वीप्रमाणेच जाहले. अप्पासाहेब पुढे होऊन म्हणाले, "ताई, पहिल्या खंडात परत जाऊन भिवाला वाचवता येईल. तो शेवटही आता निराळा आहे." इंदूताई म्हणाल्या, "असू द्या हो. मी धाडला, मी वल्हवलं. माझं एवढंच." आणि पाच वाजताची एसटी होती म्हणोन निघाल्या. अप्पासाहेबांनी आपल्या दालनात जाऊन मेजावरचे ते बेलपान जपून ठेविले, आणि पुढे मोठे शब्द देणे त्यांनी पुष्कळ कमी केले.

सारांश, निवडीचे आणि मरणाचे फळ आपोआप मिळत नाही; कोणी धरून बसावे तेव्हा मिळते. प्रजेपैकी कित्येक संतोषी जाहले, कित्येकांनी पूलच बरा होता म्हणोन लिहिले. आमचे म्हणाल तर सर्व गेल्यावर आम्ही सतराव्या वेळी खेळावयास बसलो. पिशवीत भाला होता. येसाईने पुशिले, "माझा भिवा भेटला होता का?" आमचे बोट 'नाही' यावर गेले, तेथे थोडा वेळ राहिले, आणि परत आले. ऐंशी हात मारिले. अंगठ्यास कळ लागली ती लिहितेवेळीही आहे. हा मजकूर येथे पुरा केला.